थांबलेली रुग्णवाहिका, क्रेन आणि आपण : सोलापूर परिसरातील नवख्या चालकांसाठी

नवा परवाना हातात आलेला चालक पहिल्यांदा सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघतो, तेव्हा बाळे, केगाव आणि कोंडी मागे पडेपर्यंत तो जपून चालवतो. पुढे सावळेश्वरच्या टोलनाक्याकडे जाताना रस्ता सरळ आणि मोकळा मिळाला की त्याचा पाय आपोआप जड होतो. अशा वेळी दूरवर डाव्या कडेला निळे-लाल दिवे उघडझाप करताना दिसले तर नेमके काय करायचे, हे त्याला परवान्याच्या परीक्षेत कोणी विचारलेले नसते आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून शहरात फिरताना तसा प्रसंगही बहुधा आलेला नसतो. सायरन वाजवत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट द्यावी, एवढे सर्वांना ठाऊक असते. तीच रुग्णवाहिका रस्त्याच्या कडेला उभी असेल, तिच्यामागे टोलनाक्याची गस्तीची गाडी आणि पुढे क्रेन असेल, तर त्यांच्या शेजारून आपली गाडी कशी न्यावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

रस्त्यावर दिवे लावून उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीचा अर्थ असा धरावा की तिथे कोणीतरी पायी वावरत आहे आणि त्याचे लक्ष आपल्याकडे नाही. रुग्णवाहिकेची मागची दारे बाहेरच्या बाजूला उघडतात, स्ट्रेचर ओढताना कर्मचारी पाठमोरा खाली उतरतो आणि त्याची नजर रुग्णाच्या मानेवर, सलाइनच्या नळीवर असते. क्रेनवाल्याचा मदतनीस साखळी अडकवण्यासाठी ट्रकच्या पुढच्या एक्सलखाली आडवा झालेला असतो आणि त्याचे पाय पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर आलेले असतात. गस्तीच्या गाडीतला कर्मचारी प्लास्टिकचे शंकू मांडत किंवा गोळा करत पावलापावलाने मागे सरकत असतो. या तिघांनाही आपापले काम सोडून दर मिनिटाला वळून पाहता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचे पाहणे आपल्याला करावे लागते. पुढच्या सगळ्या सूचना एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

दिवे दिसताच : आधी वेग, मग बाकीचे

दिवे दिसले की सर्वांत आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. पुढे अपघात आहे, पंक्चर आहे की पोलिसांची तपासणी आहे, हे ठरवत बसू नये; ते कळेपर्यंत आपण तिथे पोहोचलेलो असतो. हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपतात आणि कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरनिशी, गाडी पूर्ण थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण ७० मीटरांच्या आसपास. वेग १०० असेल तर हाच आकडा १०० मीटरांच्या घरात जातो आणि ४० असेल तर २५-३० मीटरांत काम भागते. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकने थांबण्याचे अंतर चौपट होते, हे शाळेतले गणित इथे अंगाशी येते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन चिकट थर तयार झालेला असेल, तर हे आकडे आणखी वाढतात.

पाय उचलल्यावर लगेच मधल्या आरशात पाहावे. मागे ट्रक अगदी जवळ असेल, तर एकदम ब्रेक दाबण्याऐवजी ब्रेकच्या पेडलवर दोन-तीनदा हलका पाय ठेवावा. मागचे लाल दिवे लागून विझले की मागच्या चालकाला पुढे काहीतरी आहे हे समजते. इथे अनेक जण चारही इंडिकेटर, ज्यांना आपल्याकडे सर्रास पार्किंग लाइट म्हणतात, चालू करून तसेच पुढे जातात. ही सवय लावून घेऊ नये. चारही इंडिकेटर लुकलुकत असताना आपण उजवीकडे सरकणार आहोत की सरळ जाणार आहोत, हे मागच्याला कळायला काहीच उरत नाही. रांग खरोखर थांबलीच आणि आपण रांगेतले शेवटचे असलो, तर मात्र ते लावावेत आणि मागची गाडी थांबलेली दिसेपर्यंत नजर आरशावर ठेवावी.

लेन सोडणे

वेग उतरल्यानंतर लेन बदलण्याचा विचार करावा. हा क्रम उलटा करू नये. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे बंद पडलेली गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन बहुतेक वेळा डाव्या साइडपट्टीवर असतात आणि आपल्याला उजव्या लेनमध्ये सरकावे लागते. इंटरनेटवर या विषयाच्या चित्रफिती बहुधा अमेरिकेतल्या असतात आणि त्यांत सगळे उलटे दिसते. तिथे वाहने उजवीकडून चालतात म्हणून चालक डावीकडे सरकतात. त्या पाहून शिकणाऱ्याने एवढी अदलाबदल मनात पक्की करावी.

आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, मान वळवून एकदा प्रत्यक्ष नजर आणि मग लेन, असा क्रम ठेवावा. मान वळवण्याचा कंटाळा करू नये, कारण आपल्या महामार्गांवर लादलेले ट्रक दुभाजकालगतच्या लेनमधूनच चालत राहतात आणि त्यांच्या डाव्या बाजूने, म्हणजे आपल्या अगदी उजव्या अंगाने, एखादी मोटारसायकल आरशात न दिसता आलेली असते. थांबलेल्या गाडीच्या किमान १५०-२०० मीटर आधी लेन बदलून झालेली असावी. शंकूंच्या तोंडाशी येऊन स्टिअरिंग ओढणाऱ्या चालकामुळे मागच्या दोघा-तिघांची तारांबळ उडते आणि त्यातला एखादा शंकूंमध्येच घुसतो.

उजवीकडे जागा नसेल तर? तर जाऊ नये. आपल्याच लेनमध्ये राहून वेग ताशी ४० च्या खाली आणावा, माणसे रस्त्याच्या पट्ट्यावर उभी दिसत असतील तर माणूस भराभर चालतो तितकाच ठेवावा आणि गाडी लेनच्या उजव्या कडेने न्यावी. थांबलेली गाडी आणि आपली गाडी यांच्यात एक पूर्ण उघडलेले दार मावेल एवढे अंतर राहिले पाहिजे. तेवढे राहत नसेल, तर थांबून उजव्या लेनमधील वाहने जाऊ द्यावीत. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेल. त्याला वाजवू द्यावे.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, विशेषतः तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर, उजवीकडे सरकणे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणे. तिथे अडथळा ज्याच्या बाजूला आहे त्याने थांबायचे आणि समोरच्याला आधी येऊ द्यायचे. रात्री समोरून कोणी डिपर मारला तर 'तू ये' असे तो म्हणतो आहे असे गृहीत धरू नये. आपल्या भागात डिपरचा अर्थ बहुधा 'मी येतोय, थांब' असा असतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. दुभाजकातल्या कण्हेरीला आणि बोगनवेलीला पाणी घालणारा टँकर उजव्या लेनमध्ये, दुभाजकाला खेटून, जवळजवळ उभ्यानेच सरकत असतो. त्याच्या मागे एखादा माणूस लाल कापड हलवत चालतो, कधी तोही नसतो, आणि पाइप धरलेला कामगार टँकर व दुभाजक यांच्यामध्ये दिसेनासा झालेला असतो. तिथे डावीकडे सरकायचे असते. 'दिवे दिसले की उजवीकडे' असे पाठांतर करून ठेवलेला चालक इथे नेमका चुकतो. माणसे कोणत्या बाजूला आहेत ते पाहून त्यांच्यापासून लांब जायचे, एवढेच लक्षात ठेवावे.

क्रेन काम करत असेल तेव्हा

क्रेनबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रुग्णवाहिका दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते, पण उलटलेला ट्रक सरळ करण्याचे काम तासन् तास चालते आणि तोवर ये-जा करणाऱ्यांचा धीर सुटलेला असतो. मोटार उचलून नेणारी छोटी गाडी, सपाट पाठीची गाडी आणि मोठी वाहने हलवणारी हायड्रा अशा तीन प्रकारांच्या क्रेन आपल्याकडे दिसतात. पहिल्या दोन प्रकारांत दांडे, म्हणजे लिव्हर, बऱ्याचदा गाडीच्या अंगालाच बसवलेले असतात आणि ते चालवणारा माणूस रस्त्याच्या बाजूला, वाहतुकीकडे पाठ करून उभा राहतो. त्याचे एक पाऊल मागे पडले की तो आपल्या लेनमध्ये आलेला असतो. हायड्रा वजन समोर टांगून चालते. वळताना टांगलेले वजन झोका घेते आणि तो झोका किती येईल हे चालवणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही.

सर्वांत धोकादायक वस्तू मात्र यांपैकी कोणतीच नसते. चारीत गेलेला ट्रक ओढण्यासाठी क्रेन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी करतात आणि पोलादी वायररोप रस्त्यावरून आडवा ताणला जातो. अंगठ्याएवढा जाड, डांबराच्याच रंगाचा तो दोर दिवेलागणीच्या वेळी दहा मीटरांवरूनही दिसत नाही. मोहोळच्या अलीकडे एका संध्याकाळी एक मोटारसायकलस्वार दोन गाड्यांच्या मधली मोकळी फट पाहून आत शिरत असताना मी पाहिला होता. क्रेनच्या मदतनीसाने धावत जाऊन त्याचे हँडल धरले, तेव्हा दोर त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर होता आणि त्याला तो तोपर्यंत दिसलाच नव्हता. तेव्हापासून क्रेन आणि अडकलेले वाहन यांच्यामधील मोकळी जागा म्हणजे रस्ता नव्हे, असे मी शिकवायला मिळेल त्या प्रत्येकाला सांगतो. दोर सैल दिसत असला तरी त्यावरून गाडी नेऊ नये, कारण ओढ एका क्षणात बसते. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटा येतो, म्हणून जवळ उभे राहून पाहणेही टाळावे. मदतनीसाने तळहात दाखवला की थांबावे आणि त्याने हाताने बोलावल्याशिवाय निघू नये.

एखादी बंद गाडी दोरीने किंवा लोखंडी दांड्याने दुसऱ्या गाडीला जोडून नेत असतील, म्हणजे टोचन लावलेले असेल, तर त्या दोन गाड्या मिळून एकच लांब गाडी समजावी. मागच्या गाडीचे ब्रेक आणि दिवे चालतीलच असे नसते. दोघींच्या मध्ये शिरण्याइतकी जागा दिसली तरी ती जागा नसते.

अग्निशमन दल

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग, चादरी, टॉवेल यांचे कारखाने आहेत. सूत आणि कापड पेटले की बंब बराच वेळ उभे राहतात आणि त्यांचे पाइप रस्त्यावर आडवे पसरलेले असतात. भरलेल्या पाइपावरून चाक गेले तर पाइप फुटू शकतो आणि आत आगीसमोर उभ्या असलेल्या जवानाच्या हातातले पाणी अचानक बंद पडते. म्हणून पाइप दिसला की वळून दुसरा रस्ता धरावा. धूर रस्त्यावर आला असेल, तर दिवे लावून अंदाजाने पुढे जाऊ नये. धुरात समोरची गाडी उभी आहे की चालती, हे कळत नाही.

ऊस, ऊन आणि अंधार

आपल्या जिल्ह्याचे दोन हंगाम या बाबतीत वेगळे आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा काळ. या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे जात असतात, ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसाने मागचा दिवा असला तरी झाकला जातो आणि एखादी ट्रॉली कलंडली की तिथे जेसीबी, क्रेन आणि पोलिसांची गाडी येते. त्यात सांडलेला ऊस काढायला आजूबाजूची पोरे धावतात. अशा ठिकाणी गणवेशातल्या माणसांपेक्षा कोणताही अंदाज न बांधता येणारी ही पोरे अधिक जपण्यासारखी असतात. सांडलेल्या उसावर दुचाकी हमखास घसरते, हेही ध्यानात ठेवावे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की हवा कमी असलेले जुने टायर फुटतात, इंजिने तापतात आणि बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दर काही किलोमीटरवर दिसू लागतात. भर दुपारच्या उन्हात लुकलुकणारे दिवे फिके पडतात. दिवे दिसण्याची वाट न पाहता उभी गाडी, उघडे बॉनेट, रस्त्यावर वाकलेला माणूस, यांपैकी काहीही दिसले की तीच दक्षता घ्यावी. ट्रकवाले पूर्वापार बाभळीची फांदी तोडून आणि मोठे दगड मांडून इशारा देतात. रस्त्यात फांदी दिसली की तिच्यापुढे अंधारात दिवे नसलेला ट्रक उभा आहे असेच समजावे.

रात्री वेगळीच अडचण येते. लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे नजर खेचली जाते आणि चालकाचे हात नकळत नजरेच्या मागे जातात, म्हणजे गाडी नेमकी तिकडेच सरकते. म्हणून दिव्यांकडे एकदाच पाहून नजर आपल्याला जायचे आहे त्या मोकळ्या लेनवर टिकवावी. आपला दिवा लोअरवर आणावा; नाहीतर स्ट्रेचर उचलणाऱ्यांच्या डोळ्यांवर झोत जातो. गाडीतील गाणी बंद करून काच थोडी खाली घ्यावी, म्हणजे शिट्टी किंवा हाक ऐकू येते.

दुचाकीस्वारांसाठी

सोलापुरात मोटारींपेक्षा दुचाकी जास्त आहेत, आणि फटीतून निघून जाण्याची सवय शहरात अंगवळणी पडलेली असते. नवी पेठेतल्या गर्दीत ती खपून जाते. महामार्गावर रुग्णवाहिका आणि चारी यांच्यामधून, म्हणजे डावीकडून, जाण्याचा मोह होतो; पण रुग्णाला नेमके त्याच बाजूने आणले जाते. नो पार्किंगमधल्या दुचाकी उचलणारी गाडी शहरात थांबते, तेव्हा तिच्या मागच्या फळीवरून पोरे दोन्ही बाजूंना उड्या मारतात. तिथेही गाडीच्या मागे काही अंतर ठेवून थांबणेच बरे. हातात मोबाइल धरून चित्रीकरण करत एका हाताने दुचाकी चालवणाऱ्यांबद्दल लिहावे असे वाटत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४ ई आले. त्यानुसार येणाऱ्या रुग्णवाहिकेला, अग्निशमन वाहनाला किंवा इतर आपत्कालीन वाहनाला बाजूला होऊन वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमाचा रोख येणाऱ्या वाहनावर आहे. थांबलेल्या वाहनाशेजारून बेदरकारपणे गाडी नेल्यास धोकादायक वाहन चालवण्याचे कलम १८४ लागू शकते. अमेरिकेत थांबलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र कायदा आहे. साउथ कॅरोलिना राज्याने १९९६ मध्ये तो आधी केला आणि २०१२ मध्ये हवाईने केल्यावर सर्व ५० राज्ये त्यात आली. लेन सोडा, ते जमत नसेल तर वेग कमी करा, असे त्याचे सूत्र आहे. ते आपल्या रस्त्यावरही तितकेच लागू पडते, म्हणून आपल्याकडे तसे कलम येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

पुढे गेल्यावर, आणि आपलीच गाडी बंद पडली तर

शेवटचा शंकू मागे पडेपर्यंत वेग वाढवू नये. अपघात पाहण्यासाठी मान वळवून वेग कमी-जास्त करणाऱ्यांमुळे त्याच जागी दुसरा अपघात होतो. कडेची रुग्णवाहिका निघण्याच्या बेतात असेल, सायरन सुरू झाला असेल, तर तिला आधी रस्त्यावर येऊ द्यावे. मग मोकळी वाट मिळते म्हणून तिच्या मागे चिकटून धावू नये, कारण ती कधी आणि कुठे थांबेल याचा नेम नसतो.

अपघातस्थळी आपणच पहिले पोहोचलो आणि मदत अजून आलेली नसेल, तर अपघाताच्या बरेच पुढे जाऊन गाडी साइडपट्टीच्या पूर्ण आत उभी करावी आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकांवर कळवावे. सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड, कोणत्या गावाच्या अलीकडे आणि कोणत्या शहराकडे जाणारी बाजू, एवढे सांगितले की शोधाशोध वाचते. 'मोहोळजवळ' एवढ्यावर गाडी चुकीच्या बाजूला जाते आणि पुढचा वळसा येईपर्यंत तिला परतता येत नाही. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ ए त्याला संरक्षण देते.

आपली गाडी बंद पडल्यास ती जमेल तितकी डावीकडे घ्यावी, पार्किंग लाइट लावावेत आणि सर्वांना डाव्या दारांनी उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभे करावे. उन्हात मुलांना गाडीतच बसवून ठेवण्याचा मोह होतो, पण मागून धडक बसली तर आत असणे सर्वांत वाईट. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० पावले, आणि महामार्गावर त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. ठेवायला जाताना कठड्याच्या पलीकडून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. स्टेपनी बदलायची ती उजव्या बाजूची असेल, तर स्वतः बदलू नये. क्रेन किंवा गस्तीची गाडी येऊन मागे उभी राहीपर्यंत थांबावे. काम झाल्यावर त्रिकोण तर उचलावाच, पण चाकांना लावलेले आणि इशाऱ्यासाठी मांडलेले दगडही एकेक करून चारीत टाकावेत आणि गाडी सुरू करून साइडपट्टीवरच थोडा वेग घेऊन, उजवा आरसा रिकामा दिसल्यावर, रस्त्यावर यावे.